कॅराव्हॅनची संडासची टाकी : कामाच्या नोंदी, हिंगणा रोड, नागपूर

१९ एप्रिल

खामल्याच्या सरांची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, आज आली. ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली, सेकंडहँड घेतलेली गाडी. संडासचं पेडल दाबलं की पाणी भांड्यातच तुंबतं. टाकी रिकामी केली तरी पॅनेलवरचा दिवा दोन तृतीयांशाच्या खाली उतरत नाही. गाडी रस्त्याला लागली की आत बसवत नाही एवढा वास येतो. सरांना मे अखेरीस नातवंडांना घेऊन पेंचला, सिल्लारीकडे जायचंय. तोवर गाडी तयार हवी.

गाडीखाली जाऊन पाहिलं. दोन टाक्या आहेत, दोन्ही पॉलिथिलीनच्या. संडासची ८० लिटरची, तिला ३ इंची गेट व्हॉल्व्ह, म्हणजे पातं ओढून उघडायची झडप. मोरीची, म्हणजे सिंक आणि आंघोळीच्या पाण्याची, ११० लिटरची, तिला दीड इंची. रबरी हातोडीने खालून ठोकत गेलो. कडेला पोकळ आवाज येतो, भांड्याच्या बरोबर खाली भरीव. व्हॉल्व्ह ओढला तर पाण्याची बारीक धार आली आणि थांबली. पेडल दाबून वरून बॅटरी मारली तेव्हा वारुळासारखा ढीग दिसला. त्याचं टोक भांड्याच्या गळ्याला टेकायला आलं होतं.

सरांना विचारलं, घरी उभी असताना गाडी कशी ठेवता? ते म्हणाले, "पाइप सेप्टिक टँकच्या चेंबरमध्ये सोडलेला असतो आणि व्हॉल्व्ह उघडा. म्हणजे टाकी भरतच नाही ना." ढिगाचं कारण हेच. घरच्या संडासात पाइपाला उतार असतो, प्रत्येक फ्लशचं पाणी मैल्याला ढकलत पुढे नेतं. या टाकीचा तळ सपाट आहे. व्हॉल्व्ह उघडा राहिला की पातळ ते लगेच निघून जातं आणि घट्ट ते जागेवर बसतं. त्यावर दुसरा थर, तिसरा थर. वर एप्रिलचं ऊन, खाली डांबरी रस्त्याची धग. सुकून विटेसारखं झालं नसतं तरच नवल. टाकी रिकामी करताना पाण्याचा लोंढा लागतो, आणि लोंढा हवा असेल तर टाकी आधी बंद ठेवून भरावी लागते.

२० एप्रिल

शेजारचे गॅरेजवाले येऊन पाहून गेले. म्हणाले, "टाकी वरून कापा जी, एक माणूस बोलवा, हजार-पाचशे द्या, तो खरवडून देते." मी नाही म्हणालो. आमच्या पोऱ्यालाही ते नीट समजावं म्हणून कारण इथे लिहून ठेवतो.

हाताने मैला काढायला माणूस लावणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याआधी १९९३ चाही कायदा होता. तरी सेप्टिक टँकमध्ये उतरून माणसं मरतात, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर न्यावी लागली. आमची टाकी छोटी आहे, तिच्यात माणूस उतरू शकत नाही. पण डोकं आणि खांदा आत घालूनच खरवडायचं ना? हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागेत साचून राहतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासाच होतो, आणि माणसाला वाटतं की गॅस गेला. तिथेच घात होतो. कायदा नसता तरी मी कुणाला त्यात हात घालू दिला नसता.

म्हणून या कामाचा एकच नियम ठेवला : पाणी, वेळ आणि गाडीची हालचाल यांनी जेवढं होईल तेवढंच करायचं. हात आत जाणार नाही. गाडी शेडबाहेर कडुलिंबाखाली उभी केली आहे, सगळ्या खिडक्या उघड्या. टाकीत मिथेनही बनतो, म्हणून आसपास विडी नाही, वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गॉगल, गमबूट, कामाचे कपडे वेगळे. चहाआधी साबणाने हात. कावीळ आणि टायफॉइड याच वाटेने पसरतात.

२१ एप्रिल

ढिगाचं टोक गळ्याशी असल्यामुळे पाणी आत उतरायलाच वाट नव्हती. पोऱ्या सळई घेऊन आला होता, ती ठेवून द्यायला लावली. सळईने टाकीचा तळ फुटू शकतो, टाकी किती भरली ते दाखवणाऱ्या सेन्सरचे भिंतीतले दांडे तुटू शकतात, आणि ढिगात नुसतं भोक पडून तो तसाच उभा राहतो. त्याऐवजी बागेच्या नळाची अर्धा इंची मऊ नळी घेतली, पाणी हळू चालू ठेवलं आणि नळी गोल फिरवत खाली सोडत गेलो. दुपारपर्यंत वाट झाली.

मग व्हॉल्व्ह बंद करून टाकी जवळपास काठोकाठ भरली. पाणी कोमट-गरम, हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त, साधारण ५० अंश. उकळतं पाणी ओतायचं नाही. पीव्हीसीचा पाइप ६० च्या पुढे मऊ पडायला लागतो आणि सांधे हलतात. संध्याकाळी सेप्टिक टँकसाठी मिळते ती जिवाणूंची पावडर टाकली. फिनाइल, ब्लीच, अशा टाक्यांत वासासाठी घालतात ते निळं औषध, यातलं काहीही नाही. फॉर्माल्डिहाइडच्या निळ्या औषधाने वास दबतो खरा, पण मैला खाणारे जिवाणूही मरतात. टाकी ज्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी करू, तिथलेही मंदावतात.

सरांनी मोबाइलवर एक युक्ती दाखवली : टाकीत बर्फाचे खडे टाकून गाडी चालवायची, खडे घासून तळ साफ करतात म्हणे. बर्फ पाण्यावर तरंगतो. तळ घासायला तो तळाशी जाणार कसा? सरांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं आहे, त्यांना लगेच पटलं.

२४ एप्रिल

टाकी भिजते आहे. ठोकल्यावर भरीव आवाजाचं वर्तुळ लहान झालंय. वरून पाहिलं तर ढिगाच्या कडा ढासळलेल्या, मधला गाभा अजून उभा.

थोडं पाणी उपसून टाकी निम्म्यावर आणली. पूर्ण भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळत नाही, हिंदकळायला मोकळी जागा लागते. पहाटे रस्ता मोकळा असताना हिंगणा टी-पॉइंटवरून रिंग रोडने मानेवाड्यापर्यंत आणि परत. गतिरोधकांवर मुद्दाम हळू, पण थांबत-निघत. आज पहिल्यांदा पेडल दाबल्यावर खाली पाण्याचा खळखळाट ऐकू आला. पुन्हा पाण्याने भरून ठेवली.

२५ एप्रिल

टाकी उपसायला मैल्याचा टँकर बोलावला. चालकाला आधी विचारलं, कुठे नेऊन रिकामं करता? हा प्रश्न विचारायलाच हवा. आपल्या नागपूरला ज्या नदीवरून नाव मिळालं ती नाग नदी शहराचं सांडपाणी वाहून नेता नेता नाला होऊन गेली आहे, आणि पुढे ते पाणी कन्हानला मिळतं. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडलं तरी शेवटी तिथेच पोहोचतं. याच शहरात भांडेवाडीला मलजलाचं शुद्धीकरण होतं आणि ते प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. योग्य जागी पोहोचलेल्या घाणीचंही काम होतं. टँकरवाले दादा म्हणाले, "नाल्यात नाही सोडत जी, पावती दाखवतो." दाखवली. मग नळी जोडली.

गाडीचं एक चाक फळीवर चढवून आउटलेटची बाजू खाली ठेवली. व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडला. अर्धवट उघडला तर पाणी गाळून निघतं आणि घट्ट मागे राहतं, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी लोंढा आला. बऱ्याच वेळाने पारदर्शक नळीतून चिंध्या जाताना दिसल्या : ओले वाइप्स. पाकिटावर काहीही छापलेलं असो, बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिस्टरसारखे धागे असतात, ते पाण्यात विरघळत नाहीत. ढिगाला गाठ मारून धरणारे तेच होते.

नंतर भांड्यातून फिरत्या तोंडाचा नोझल आत सोडून सगळ्या भिंती धुतल्या. ही नळी पिवळी आहे, ती फक्त याच कामाला. पिण्याच्या टाकीत पाणी भरायची नळी निळी. दोन्ही एका पेटीत ठेवायच्या नाहीत.

२८ एप्रिल

टाकी मोकळी झाली, पण रिकामी होताना अजून गुडगुड करते आणि गाडी चालताना वास आहेच. म्हणून छतावर चढलो. टाकीचा व्हेंट पाइप छतातून बाहेर येतो, त्यावर पीव्हीसीचं काऊल, म्हणजे टोपी, बसवलेलं. काऊल काढलं तर आत कुंभारीण माशीचं मातीचं घरटं. पाइपाचं तोंड जवळजवळ बुजलेलं.

सगळ्या तक्रारींचा धागा इथे जुळला. टाकीतून पाणी बाहेर जायचं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. व्हेंट बंद असेल तर लोंढा अडकत अडकत येतो, आणि गॅसला वर जायला वाट नसल्यामुळे तो भांड्याच्या झडपेतून गाडीत शिरतो. घरटं मऊ काठीने वरच्या वर काढलं, आत पडू दिलं नाही. पाइपात पाणी सोडून मोकळा असल्याची खात्री केली. नव्या काऊलला आतून स्टीलची बारीक जाळी लावली. जाळी फार बारीक घेतली तर धुळीने बुजते, डासांच्या जाळीएवढी पुरते.

सरांच्या मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट इथे महत्त्वाची. त्या संडासात गेल्या की आधी छताचा पंखा लावायच्या. पंखा गाडीतली हवा बाहेर ओढतो. खिडक्या बंद असताना पेडल दाबलं की त्या जागी टाकीतली हवा वर ओढली जाते. पंखा बंद करून पेडल दाबायचं, झडप मिटली की मग पंखा. त्यांना आजच फोन करून कळवलं.

२ मे

सेन्सर अजून खोटं बोलतोय. टाकी रिकामी, दिवा एक तृतीयांशावर. भिंतीतून आत डोकावणाऱ्या स्टीलच्या दांड्यांमध्ये पाण्यातून वीज वाहते का यावर दिवा लागतो. दांड्यांभोवती ओला थर चिकटला की त्यातूनच वीज वाहते आणि टाकी भरल्यासारखी दिसते. नोझलने थर निघाला, पण खाली पांढरट-पिवळं खडीसारखं पापुद्र्याचं किटण राहिलं. लघवीतले क्षार आणि बोअरवेलचं जड पाणी मिळून ते बनतं. आम्लात विरघळतं.

पोऱ्याने संडास साफ करायच्या बाटलीचं नाव घेतलं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते स्टीलच्या दांड्यांना खड्डे पाडतं. आणि चुकून टाकीत ब्लीचचा अंश असला तर क्लोरीन वायू होतो, बंद गाडीत तो जीव घेऊ शकतो. म्हणून किराण्यातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, ४० लिटर कोमट पाण्यात दोन किलो. रात्रभर ठेवलं, पहाटे गाडी थोडी फिरवली, मग भरपूर पाण्याने धुतली.

दिवा शून्यावर आला. सरांनी विचारलं, परत बिघडला तर? बिघडणारच, या जातीचा सेन्सर असाच असतो. पुढे वाटल्यास टाकीला बाहेरून चिकटणारी पट्टी बसवता येईल, तिचा आतल्या घाणीशी संबंध येत नाही. सध्या तरी भांड्यातून बॅटरी मारून पाहणं सगळ्यात भरवशाचं.

६ मे

गेट व्हॉल्व्ह. बोल्ट काढून सोडवला. पातं ठीक आहे, रबरी सील फुगून एका कडेला चिरलेलं. आधी कुणीतरी गाडीचं साधं ग्रीस भरलं होतं, पेट्रोलियमच्या ग्रीसने हे रबर फुगतं. दोन्ही सील नवे, सिलिकॉन ग्रीस. आता एका बोटाने सरकतो. पाणी भरून रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला, सकाळी कोरडा.

१० मे

आज मोरीची टाकी. लोक संडासच्या टाकीला भितात, पण वासाला मोरीची टाकी जास्त वाईट निघते. यात नागपूरचा स्वभावही येतो. सावजीची तर्री गाडीत शिजली की भांड्यांना बोटभर तेल, ते सिंकमधून टाकीत. गार झालं की भिंतीला चिकटतं, त्यात भाताची पेज आणि चहाचा चोथा अडकतो, आणि उन्हात ते आंबतं.

धुण्याचा सोडा गरम पाण्यात, भांड्यांचा लिक्विड साबण, निम्मी टाकी, पुन्हा रिंग रोड. दोनदा केल्यावर पाणी स्वच्छ आलं. सिंकच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. मॅडमना विनंती केली की भांडी घासण्याआधी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाका. त्या म्हणाल्या, "आमच्या आजीच्या काळी राखेनं तेल टिपूनच भांडी घासायचे, तेच ना?" तेच.

शेजारच्या काकांनी संत्र्याच्या सालींचा उपाय सुचवला, सालीतलं तेल चिकटपणा काढतं म्हणून. काढतं, हे खरं. पण साली टाकल्या तर टाकीत चोथाच वाढेल, आणि त्यांचं तेल नुसतं घातलं तर आत्ताच बसवलेलं रबर फुगेल. साली झाडाला घालू.

१४ मे

ऊन भयंकर. बंद गाडीत दुपारी हात लावायला जागा नाही. आठवडाभर गाडी उभी राहिली आणि सिंकखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे पाणी धरून वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपातलं, पाणी आटलं, लगेच मोरीच्या टाकीचा वास आत. मेमध्ये उभ्या गाडीत दर दोन-चार दिवसांनी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं, आणि संडासच्या भांड्यात झडपेवर दोन बोटं पाणी कायम ठेवायचं. आंघोळीच्या जागी ट्रॅप काढून पाण्याशिवाय मिटणारी रबरी झडप बसवली, तिथे कुणाच्या लक्षात राहत नाही.

१९ मे

संडासच्या टाकीच्या वरच्या भागात फिरता नोझल कायमचा बसवला. बाहेरून नळी जोडली की टाकी आतून धुतली जाते, भांड्यातून काही सोडावं लागत नाही. त्याच्या पाण्याच्या वाटेत व्हॅक्यूम ब्रेकर आहे आणि तो भांड्याच्या काठाहून उंचावर लावला आहे, म्हणजे नळाचा दाब गेला तर टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाणार नाही. हा भाग महाग वाटला तरी वगळायचा नाही. नळी चालू ठेवून व्हॉल्व्ह बंद विसरला तर मात्र टाकी भरून छतावरच्या व्हेंटमधून किंवा भांड्यातून बाहेर येईल. म्हणून हे काम चालू असताना माणसाने तिथून हलायचं नाही.

संध्याकाळी सर आणि मॅडम आले. दोघांकडून सगळं हाताने करून घेतलं. दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवायचे. संडासची टाकी दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. आधी संडासची, मग मोरीची, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन नेतं. रिकामी झाल्यावर आत दहा-बारा लिटर पाणी आणि जिवाणूंची पावडर घालूनच निघायचं, कोरड्या तळावर पहिला थर बसू द्यायचा नाही. आपल्याकडे जेट आणि मग्गा वापरतात ही या टाकीसाठी चांगली गोष्ट, पाणी आपोआप जास्त पडतं. फक्त टाकी लवकर भरते, हे लक्षात ठेवून मुक्काम ठरवायचे. कागद वापरायचाच असेल तर आधी काचेच्या बरणीत पाणी घालून हलवून पाहायचा, लगदा झाला तरच चालेल. वाइप्स कचऱ्याच्या डब्यात.

हे मराठीत छापून संडासच्या दाराला आतून लावलं. नातवंडांसाठी मॅडमनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "पेडल मनातल्या मनात पाच आकडे मोजेपर्यंत दाबून ठेवा."

२ जून

सर सिल्लारीहून परतले. वास नाही, दिवा बरोबर. मुक्कामाच्या जागी टाकी कुठे रिकामी करायची हाच प्रश्न पडला होता. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण वाटेत टाकी रिकामी करायची सोय सहज दिसत नाही. सरांनी तिथल्या मॅनेजरना विचारून, औषध फॉर्माल्डिहाइडचं नाही हे सांगून, त्यांच्या सेप्टिक टँकच्या चेंबरमध्ये रिकामी केली. तिथला कामगार चेंबरचं झाकण उघडून आत वाकायला लागला तेव्हा सरांनी त्याला बाजूला उभं केलं, नळीचं तोंड आधी स्वतः चेंबरमध्ये बसवलं आणि मगच व्हॉल्व्ह ओढला. हे त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

९ जून

पुढच्या गाडीसाठी टाकीचा नकाशा काढून वाडीच्या फॅब्रिकेटरकडे दिला. तळ सपाट नको, आउटलेटकडे उतार. भांडं टाकीच्या मध्यावर न ठेवता आउटलेटच्या जवळ. धुण्याचा नोझल आणि व्हॅक्यूम ब्रेकर पहिल्यापासून. वर चार इंची पारदर्शक झाकण, आत फक्त पाहण्यासाठी, हात घालायला नाही. व्हेंट दीड इंचाऐवजी दोन इंची आणि वाटेत कोपरे कमी. ते म्हणाले, उतार दिला तर टाकीत पाच-सहा लिटर कमी मावेल. चालेल म्हणालो. नमुना आला की पाणी भरून एक रात्र ठेवायचा आणि सांधे तपासायचे.